धुतलेल्या गोट्यांचे आठ महिने

संपादकांनी पत्रात उंट मागितला आहे. 'वाळवंटातले रम्य अनुभव, उंट, खजूर, चांदणं, असं काहीतरी येऊ द्या.' एकवीस वर्षं मी ओमानात काढली. उंटाशी माझा संबंध आला तो एकदाच. भर हमरस्त्यावर तो गाडीसमोर आडवा उभा राहिला आणि अर्धा तास हलला नाही. मी हॉर्न वाजवून थकले, तो रवंथ करत राहिला. रम्य म्हणावं असं त्यात काही नव्हतं. आणि माझं काम धुळीचं. ती तर उंटाहूनही हट्टी.

'धुळीचं काम करते' हे सांगायचीही चोरी. मुलगी इथल्या इंडियन स्कूलमध्ये तिसरीत असताना बाईंनी वर्गात विचारलं, आई काय करते? ही म्हणाली, "शी वर्क्स विथ डस्ट." पुढच्या पालकसभेत बाईंनी माझा हात हातात घेतला आणि कुठलंही काम हलकं नसतं असं मला समजावलं. मी पदार्थविज्ञानात डॉक्टरेट केलेली बाई, पण त्यांचे डोळे भरून आलेले पाहून गप्प बसले. चिपळूणची आत्या अजून विचारते, "अगो, धूळ झाडायला इतक्या लांब कशाला गेलीस? आमच्या माळ्यावर ढीगभर आहे." आणि अल खौदच्या आमच्या इमारतीतल्या नीलिमावहिनींचा फोन दर गुरुवारी ठरलेला. "तुम्हाला माहीत असणारच, उद्या पडदे धुऊ का?" मी सांगते, वहिनी, माझं मॉडेल अख्ख्या पृथ्वीचं आहे, त्यात तुमची गॅलरी दिसत नाही. "मग त्याचा उपयोग काय?" असं त्या अगदी मनापासून विचारतात.

तर मॉडेल म्हणजे काय ते एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. पृथ्वीभोवतीच्या हवेचे संगणकात डबे पाडायचे, एकाला एक लागून, एकावर एक रचलेले. प्रत्येक डब्यात वारा किती, ओल किती, धूळ किती. वाळवंटात वारा सुटला की वाळूचे जाड कण उड्या मारत पळतात. ते स्वतः फार वर जात नाहीत. पण खाली आपटताना मातीतली पिठासारखी बारीक धूळ उडवतात, आणि ती मग हजारो मैल जाते. इथली धूळ अरबी समुद्र ओलांडून कोकणापर्यंत पोचते. वाटेत ती ऊन अडवते, ढगांत शिरते, समुद्रातल्या सूक्ष्म जिवांना लोह पुरवते. म्हणून हवामानाचं भाकीत करणाऱ्या सगळ्यांना ती हवी असते. या डब्यातून त्या डब्यात किती गेली, वाटेत किती खाली बसली, हे संगणक इमानेइतबारे सांगतो. गोम एकच आहे. मुळात जमिनीवरून उठली किती, हे कोणालाच धड माहीत नसतं. त्यासाठी मॉडेलमध्ये एक आकडा ठेवलेला असतो. त्याला आम्ही नॉब म्हणतो. रेडिओचा आवाज कमी-जास्त करावा तसा तो फिरवायचा, मॉडेलमधली धूळ प्रत्यक्ष मोजलेल्या धुळीशी जुळेपर्यंत. याला विज्ञान म्हणतात.

आता प्रत्यक्षातली धूळ मोजायची कशी? महागडी यंत्रं मिळतात, ती इथल्या जूनमध्ये माना टाकतात. सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे गोट्या. काचेच्या, पोरं खेळतात त्या. जेवणाच्या ताटाएवढं खोलगट तबक घ्यायचं, त्यात गोट्यांचे दोन थर पसरायचे आणि ते उघड्यावर खांबावर ठेवायचं. वरून पडणारी धूळ गोट्यांच्या फटींत जाऊन बसते, वाऱ्याला ती पुन्हा उचलता येत नाही. आठवड्यानं तबक प्रयोगशाळेत आणायचं, गोट्या धुवायच्या, ते पाणी गाळायचं आणि उरलेली धूळ वाळवून तोलायची. मागणीपत्रात 'काचेच्या गोट्या' असं लिहिल्यावर खरेदी विभागानं ते तीन वेळा परत पाठवलं. चौथ्यांदा 'खेळणी' या सदराखाली मंजुरी आली.

अशी चार तबकं आम्ही ठेवली. त्यातलं एक रुस्ताकच्या पलीकडे, पाण्याच्या टाकीच्या आवारात. त्या तबकापायी एका म्हाताऱ्या माणसाची नोकरी गेली आणि गावातलं नावही गेलं, आणि दोन्ही घालवणारी मी. संपादकांनी माफ करावं, उंटाऐवजी मला हे लिहायचं आहे.

त्या आवाराला एक हारिस होता. हारिस म्हणजे रखवालदार. इस्माईलचाचा, दापोलीकडच्या किनाऱ्यावरचे, साठी ओलांडलेले. एका माणसं पुरवणाऱ्या कंपनीनं त्यांना तिथे नेमलं होतं आणि बारा वर्षं ते त्याच टाकीखालच्या खोलीत राहत होते. आमचा तंत्रज्ञ सलीम, रुस्ताकचाच ओमानी गृहस्थ, पाच लेकरांचा बाप. तो तबक बसवायला गेला आणि त्यानं सूचनांचा कागद भिंतीला चिकटवला. एका बाजूला अरबी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. चाचांना वाचता येत होतं उर्दू आणि मराठी. मग सलीमनं मला फोन लावला. "यल्ला डॉक्टरा, हा तुझ्या मुलखाचा माणूस आहे. तूच सांग."

मी गाडी चालवत होते, सिग्नलला थांबले होते. म्हटलं, "चाचा, खांबावर गोट्यांचं तबक ठेवलंय ना, ते फार महत्त्वाचं आहे. जरा लक्ष असू द्या. नीट ठेवा हं."

"काय काळजी करू नका, बाय. नीट ठेवतो," ते म्हणाले.

सिग्नल हिरवा झाला आणि माझं प्रशिक्षण संपलं.

पुढच्या महिन्यांत बाकीच्या तबकांचे जे हाल झाले ते विचारू नका. एक बकऱ्यांनी पाडलं. एकातल्या गोट्या गल्लीतल्या पोरांनी खेळायला नेल्या, आणि त्यांना बोलणार तरी काय? गोट्या होत्या त्या! समुद्राकाठच्या तिसऱ्यात धुळीपेक्षा मीठ जास्त निघायचं. एकटं रुस्ताकचं तबक मात्र कसं शहाण्यासारखं वागत होतं. दर गुरुवारी सलीम ते घेऊन यायचा, दर आठवड्याला आकडा कमी आणि जवळपास सारखा. सलीम म्हणायचा सुद्धा, "माशाल्ला, तिथल्या गोट्या नुसत्या चमकतात." मला ती जागेची स्तुती वाटली.

उपग्रह सांगत होता की तिथे धूळ भरपूर आहे. मी म्हटलं, उजळ वाळूवर उपग्रहाचे डोळे दिपतात, तो काहीही सांगतो. मी नॉब खाली आणला, मग आणखी खाली आणला. सगळ्या अरबस्तानाची धूळ ओसरली, अरबी समुद्रावरचीही ओसरली. युरोपातले सहकारी पत्रांतून कुरकुर करायला लागले, तेव्हा मी त्यांना ठणकावून लिहिलं की तुम्ही खिडकीत बसून बोलता, माझ्याकडे जमिनीवरचं मोजमाप आहे. एका परिषदेत त्यावर भाषणही ठोकून आले. दृष्टी अधू झाली की माणूस चष्मा बदलतो. मी जग बदलत बसले होते.

आठ महिन्यांनी त्या युरोपवाल्यांपैकी दोघं आले. त्यांना आमचं सगळ्यात उत्तम केंद्र बघायचं होतं. नेहमीचा गुरुवार सोडून आम्ही बुधवारी सकाळी, न कळवता, रुस्ताकला पोचलो.

चाचा नळाशी उकिडवे बसले होते. समोर बादली, शेजारी घासून लख्ख केलेलं तबक. धुतलेल्या गोट्या त्यांनी पंच्यावर पसरून उन्हात वाळत घातल्या होत्या, कोकणात आमसुलं घालतात तशा. एकेक उचलून ते फडक्यानं पुसत होते.

मला बघून उठले. "या बाय. सांगून तरी यायचं! आता चढवीतच होतो खांबावर. बघा, एक डाग नाय. रोज सकाळी नमाज झाला का पयलं काम ह्ये. तुमी सांगितलं व्हतंत ना, नीट ठेवा म्हणून."

कोकणात लेकीला 'भांडी नीट ठेव' म्हटलं की ती घासते, पुसते आणि पालथी घालते. 'आहेत तशी राहू दे, हात लावू नकोस' असा त्याचा अर्थ कोणीही घेणार नाही. मीसुद्धा घेतला नसता. चिपळुणात वाढलेली मी, दापोलीच्या माणसाला सांगते 'नीट ठेवा' आणि मनात इंग्रजी अर्थ धरते. आठ महिने रोज सकाळी माझी धूळ त्या नळाखालून वाहून जात होती, आणि त्या नळाच्या आकड्यावर मी अर्ध्या जगाची हवा साफ करून ठेवली होती.

"काय म्हणतात ते?" पाहुण्यांनी विचारलं.

"गुड मॉर्निंग म्हणतायत," मी म्हटलं. सलीमला मराठी येत नाही, पण त्यानं खाली बघितलं.

चाचांना तिथे मी काहीच सांगितलं नाही. पाहुण्यांसमोर शोभा नको, हे कारण मी स्वतःला दिलं. "छान आहे, चाचा," असं म्हणून गाडीत बसले. ते फाटकापर्यंत सोडायला आले, शेवग्याच्या शेंगा दिल्या. टाकीच्या गळत्या पाण्यावर त्यांनी एक शेवगा वाढवला होता.

परत आल्यावर भाषण मागे घेतलं, नॉब पुन्हा वर चढवला, उपग्रहाची मनातल्या मनात माफी मागितली. युरोपवाले सभ्य निघाले, फार हसले नाहीत. आमचे प्रमुख डॉ. नासिर शांत माणूस. ते म्हणाले, "कोणाला फासावर द्यायचं नाही. फक्त काय झालं ते अहवालात लिही." मी लिहिलं. इंग्रजीत, मोजून दोन वाक्यं. त्यांचं मराठी असं होईल: 'आवश्यक त्या सूचना देण्यात आल्या होत्या. जागेवरील रखवालदाराने नमुने दररोज धुतले.'

दोन्ही वाक्यं शंभर टक्के खरी. शाळेत कर्मणि प्रयोग घोकला होता, त्याचा खरा उपयोग मला पन्नाशीनंतर कळला. पहिल्या वाक्यात सूचना देणारी बाई कुठेच नाही. दुसऱ्या वाक्यात कर्ता असा ठसठशीत, की आंधळ्यालाही दिसावा. हे मी नकळत केलं असं म्हणायला मला आवडेल. पण पहिलं वाक्य मी तीनदा खोडून लिहिलं होतं, हे मला चांगलं आठवतं.

अहवाल टाकीच्या कचेरीत गेला, तिथून माणसं पुरवणाऱ्या कंपनीकडे. तीन आठवड्यांनी मी नव्या सूचना द्यायला रुस्ताकला फोन केला. या वेळी शब्द निवडून, कागदावर लिहून काढलेल्या. पलीकडून भलताच आवाज आला. "वो बुड्ढा गया मॅडम. उसका कुछ रिपोर्ट आया था."

मी तशीच त्या कंपनीच्या कचेरीत गेले. टेबलामागच्या कारकुनानं फाइल काढून माझंच वाक्य माझ्यासमोर धरलं, खाली पिवळ्या शाईनं रेघ ओढलेली. मी म्हटलं, यात चूक माझी आहे, मी दुसरं पत्र देते. तो वैतागला, आणि त्याचंही बरोबर होतं. "मॅडम, लिख दीजिए, फाइल में लगा देंगे. लेकिन आदमी का तो खलास हो गया ना. इस उमर में दूसरा अर्बाब कौन रखेगा?" अर्बाब म्हणजे कामावर ठेवणारा मालक. चाचा सूर बंदरात एका गाववाल्याच्या दुकानात उतरलेत आणि येत्या रविवारी कायमचे गावी चाललेत, एवढं त्याच्याकडून कळलं. मी तिथेच बसून पत्र लिहिलं. त्यानं माझ्यादेखत ते फाइलला टोचलं.

शुक्रवारी सूरला गेले. नवरा म्हणाला, फोन कर ना. फोनवर मी काय दिवे लावले होते ते त्याला माहीत होतं, म्हणून मग त्यानंच गाडीची किल्ली आणून दिली. दुकान गलबतांच्या सामानाचं, दोर, रंग, जाळी. चाचा आत खाली बसून दोराची वेटोळी करत होते. मला बघून इतके गडबडले की आधी खुर्ची पुसली, मग पुन्हा पुसली, मग चहा सांगायला धावले.

मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "बाय, माझ्याकडनं चूक झाली. माफी करा."

"तुमच्याकडून? कसली?"

"रमजानच्या आदी मला ताप आला व्हता. आठवडाभर उटलोच नाय. तबक तसंच रायलं, धूळ खात. गुरवारी सलीम तसंच घेऊन गेला, मला बोलायलाही झालं नाय. त्येच सायबांच्या नजरंला पडलं असंल. बारा वर्सांत येकच आठवडा, बाय. पन चूक ती चूक."

तो आठवडा मला आठवला. आठ महिन्यांत एकदाच आकडा आभाळाला भिडला होता. मी त्यावर काट मारून शेजारी 'सदोष नमुना' असं लिहिलं होतं. अख्ख्या आठ महिन्यांत खरा आकडा तो एकच होता, आणि मी काढून टाकला तोही एकच.

मग मी सगळं सांगितलं. गोट्या कशासाठी होत्या, तबक कशासाठी, मी फोनवर काय बोलले आणि मला काय म्हणायचं होतं. ते ऐकत राहिले. हातातला दोर बाजूला ठेवला.

"धूळ पायजे व्हती तुमाला?"

"हो."

"आनि मी ती टाकून देत व्हतो?"

"हो, चाचा."

"अवो, मग सांगायचं तसं! धुळीला काय तोटा व्हता तिथं?" ते चिडले. इतक्या वर्षांत मी पाहिलेला सगळ्यात रास्त राग. "रोज बादली लाल व्हायची. मी म्हनायचो, या बायला येवढ्या सोच्छ गोट्या कशाला लागत असतील? पन शिकलेली मानसं, त्यांचं काय असंल ते असंल, म्हनून गप ऱ्हायलो."

चहा आला. मी म्हटलं, कंपनीला पत्र दिलंय, डॉ. नासिर वरपर्यंत बोलतायत, काही ना काही होईल. इन्शाल्ला, ते म्हणाले. ज्या सुरात इथे सगळे 'आता होणार नाही' म्हणतात, त्या सुरात.

"नोकरीचं जाऊ द्या, बाय. आज ना उद्या जायचंच व्हतं. पन गावात समजलंय, म्हातारा चोरीत सापडला म्हनून काडला. जमातीत लोक समोर कायी बोलत नायत, मागनं बोलतात. माझ्या जावयानं फोनवर इचारलं, मामू, काय नेलं व्हतंत? तुमी येक कागद द्याल? इंग्रजी नको, त्यो कोनी वाचनार नाय. मराटीत द्या."

दुकानदारानं बिलबुकाच्या मागचा कोरा कागद फाडून दिला. एकवीस वर्षांत मी मराठीत अहवाल लिहिला नव्हता. पहिला शब्द 'मी' लिहिला. मी इस्माईल यांना चुकीची सूचना दिली. त्यांनी ती तंतोतंत पाळली. त्यांनी काहीही नेलेलं नाही. त्यांची नोकरी माझ्या चुकीमुळे गेली. खाली सही, हुद्दा, फोन नंबर.

त्यांनी चष्मा लावून, ओठ हलवत, दोनदा वाचलं. मग कागद परत माझ्याकडे सरकवला.

"अजून येक वळ लिवा, बाय," ते म्हणाले. "लिवा, गोट्या येकदम सोच्छ व्हत्या. त्ये तरी खरं हाय ना?"

खरं होतं. मी लिहिलं.